खाल्ल्या मिठाला

गेत न्दारमध्ये, मासळीच्या गाड्यांमागे माझं टेबल.
एक सूक्ष्मदर्शक, एक मीटर, दात घासायचा जुना ब्रश,
आणि ‘माजिगेन, बघ गं जरा’ म्हणत येणारी माणसं.
इथे फोन पडून फुटत नाहीत फारसे.
इथे फोन खारतात.

बिरान सेकनं त्याचा रुमालात बांधून आणला,
मेलेलं पाखरू आणावं तसा.
‘वाजत नाही,’ म्हणाला. ‘पाच शुक्रवार झाले.
ब्रेशियाहून अँता दर शुक्रवारी करते.
करायची.’
जाळ्याची सुई खिशातून काढली, पुन्हा ठेवली.
‘मीच काहीतरी बोललो असणार मागच्या वेळी.’
डोळ्यांत मोतीबिंदू. पडद्यावरचा लाल ठिपका
त्याच्या लेखी फोनचा तीळ.

मी झाकण उचकटलं.
आधी बॅटरी. तीन पट्ट्या:
दोन देतात-घेतात,
मधली देत काहीच नाही, अंगात ताप किती तेवढं सांगते.
तिची कुरकुर ऐकायला आत एक बसलाय,
नखाएवढा काळा चौकोन,
ज्याचं नाव कुठल्या जाहिरातीत येत नाही.

शिकाऊ पोरांना मी सांगते, दुपारची परात आठवा.
भोवती दहा जण, भात एकच, मासा मधोमध,
आणि आईचा उजवा हात.
मासा मोडते, ज्याच्या त्याच्या पुढ्यात सरकवते,
काटा धाकट्याच्या बाजूला जाऊ देत नाही.
तसा हा.
बॅटरीतून येतात पावणेचार व्होल्ट, कधी कमी, कधी थोडे चढे;
मेमरीला त्यातले एक पूर्णांक आठ, रोज तेवढेच,
कॅमेऱ्याला दोन पूर्णांक आठ, पण तो जेवायला बसला तरच;
प्रोसेसर धावतो तेव्हा वाढतो,
पेंगतो तेव्हा हात आखडता.
पडदा विझतो, सगळे निजतात.
एक स्फटिक जागा,
सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरणारा.
त्याच्यासाठी चिमूटभर वीज झाकून ठेवलेली,
रात्री होडीवरून येणाऱ्याचा घास ठेवतात तशी.

आणि दारावर कोण आलं, तेही हाच बघतो.
नाव विचारत नाही.
तारेत इवलासा प्रवाह सोडतो, किती अडतो ते मोजतो.
एवढा अडला तर नुसता हेडफोन, तेवढा अडला तर माइकवाला,
मधेच बदलला तर कुणीतरी आवाजाचं बटण दाबलं.
अडसरावरून माणूस ओळखायचा.
माझी सासूही तेच करते,
पाहुणा उंबऱ्यावर किती घुटमळला त्यावरून.

बिरानच्या फोनच्या भोकात हिरवं मीठ.
कुणीच नव्हतं तिथे मिठानं दोन टोकं जोडली,
आणि चौकोनाला वाटलं, कान आलाय. अगदी जवळ.
मग स्पीकरला ओरडायला कशाला लावायचं?
पाच शुक्रवार अँताची हाक
तो त्या कानाशी लागून सांगत राहिला.
खाल्ल्या मिठाला जागत होता बिचारा.

स्पिरिट, ब्रश, फुंकर. पुन्हा स्पिरिट.
वरच्या कोपऱ्यातलं हेडफोनचं चित्र हलेना,
मग एकाएकी गेलं.
माझ्या फोनवरून त्याला लावला.
टेबल थरथरलं, मासळीवाल्या वळून बघायला लागल्या,
आणि तो उचलायचं सोडून ऐकतच राहिला.

लाल ठिपक्यात शिरून मी मोजले.
‘एकोणीस वेळा केलाय तिनं.’

मला वाटलं रडेल, नाहीतर लगेच लावेल.
त्यानं फोन रुमालात बांधला,
पाचशे फ्रँक म्हटले तर चारशे ठेवले,
निघाला, गाडीपाशी थांबला, परत आला.
‘म्हणजे मी नव्हतो तिथे,
आणि हा बोलत होता.’
‘हो.’
‘कुणाशी?’

मी हिरवा चुरा ब्रशनं टेबलाखाली लोटला.
‘समुद्रावर नेताना पिशवीत घालत जा,’ म्हटलं.